बैरंग

ग्रेट यार्मथच्या दप्तरखान्यात
एकाच खोक्यात दोघं निजलेत:
थिओदोर व्हारांबो यांचं हस्तलिखित, विवाह आणि कुटुंब या विषयावर,
आणि ज्यांच्या माडीवर बसून त्यांनी ते लिहिलं
त्या केझाया थर्टलबाईंची हिशेबवही.
हस्तलिखिताला रेशमी फीत.
वहीला सुतळी, तिला अजून हेरिंगचा वास येतो,
किंवा मला तसं वाटतं.

साल अठराशे त्रेपन्न, जानेवारी संपायचा नाही असा.
फ्रान्समधून हाकललेला माणूस
उत्तर समुद्राकडे तोंड करून लिहितो:
पती-पत्नीत पडदा नसावा.
अक्षर असं, की मोत्यांनी लाजावं.
त्याच तारखेला बाईंची नोंद:
रुआंहून पत्र, बैरंग. दहा पेनी मागतात.
साहेब नको म्हणाले. परत.
पुढच्या आठवड्यात: पत्र, बैरंग. परत.
मग एका रविवारनंतर: पत्र. मी भरले.
त्यांच्या बशीखाली ठेवले.
बशी उचलली तेव्हा तिथेच होते.

मी पेन्सिलीने टिपून घेते. इथे शाईला बंदी आहे.
माझं फ्रेंच संध्याकाळच्या वर्गातलं, अडखळत जाणारं;
बाईंचं इंग्रजी मात्र लगेच कळतं.
माझी मावशी असंच लिहायची, वाण्याच्या वहीत,
शब्दापेक्षा आकडा मोठा,
आणि आकड्यापेक्षा न लिहिलेलं.

प्रकरण पाच: पितृप्रेम.
लेकराचा हात बापाच्या हातात असला
की राष्ट्राला तटबंदी लागत नाही.
वहीत: कोळसा एक पोतं. मेणबत्त्या सहा.
रात्र रात्र जागतात.
विचारलं, तर म्हणाले, कुटुंबासाठी.

आणि नऊ मार्चला वहीत एकदम गर्दी.
खाट एक जास्त. दूध अर्धा पाइंट.
मूल एक, मुलगी, वय सहा, दर अर्धा.
तिच्या आईला गरम पाणी, बोटं निळी पडलेली,
याचे पैसे नाहीत.

तेव्हापासून हस्तलिखित बिघडत जातं.
वाक्यं आखूड. राष्ट्र कुठेच नाही.
एका पानावर लोण्याचं बोट,
त्यातून पलीकडची अक्षरं दिसतात.
एकावर कोणी हेरिंग काढलाय, डोळा भलताच मोठा,
आणि माशाच्या पोटात शिरलेली ओळ:
तिने काय सोसलं हे मला
पुढे काही नाही. खोडलेलंही नाही.
वहीत त्या दिवशी: बशा फुटल्या, दोन.
खाली वेगळ्या शाईत: एक माझ्याच हातून.

पुस्तक नंतर छापून आलं, बारा प्रकरणांचं.
खोक्यात नऊच आहेत.
उरलेली तीन कुठे लिहिली, कोण जाणे;
मी ती वाचलीत.
सुबक आहेत. त्यांत मासा नाही.

सोळा एप्रिल. खोली रिकामी.
तिघं एकत्र गेले, की दोघी आणि एक,
बाई सांगत नाहीत. हिशेबात ते बसत नाही.
भाडं बाकी: एक पौंड चार शिलिंग.
त्यावर आडवी रेघ.
रेघेखाली: पलंगाखाली बूट सापडला, लहान, डावा.
पुसला. चुलीजवळ ठेवला.

पुढे दर एप्रिलात, सहा वर्षं,
साबण, वात, खारवलेली मासळी यांच्यामध्ये
एक ओळ, आकडा नसलेली:
बूट आहे.

सातव्या वर्षी अक्षर बदलतं, बहुधा सुनेचं,
आणि ती ओळ नाही.

साडेचारला घंटा झाली.
पहारेकरी दिवे मालवत माझ्याकडे येतोय.
यादीत वही खाली आहे, हस्तलिखित वर.
मी वही वर ठेवली,
झाकण लावलं,
आणि सुतळीची गाठ जरा सैलच सोडली.